बेरीज नको, काका

पानावर सहा रेघा, रेघांवर आकडे.
चौतीस वर्षं मी दुसरं काय लिहिलं?
सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत,
पोती, क्विंटल, तूट, हमाली.
म्हटलं, हे तर येईलच वाचता.

सुवार्ता मिरजेला नर्स आहे. रविवारी प्रार्थना उरकली
की क्वार्टरच्या पायरीवर बसून मला शिकवते,
डोळ्यांत रात्रपाळी तशीच.
"वरची रेघ म्हणजे खालची तार," ती म्हणाली,
"आणि तुमच्या हनुवटीजवळची जाड तार
कागदावर सगळ्यात खाली."
म्हणजे जमा खर्चात आणि खर्च जमेत.
असली वही आमच्या भूपालशेठनी
उंबऱ्यावरूनच परत पाठवली असती.

तीन लिहिलं होतं म्हणून मी तिसरं बोट ठेवलं.
"आकडा पडद्याचा, काका.
बोट कुठलं, ते तुमचं तुम्ही बघा."

पुढे एके जागी आकडे एकाखाली एक आले:
शून्य, एक, शून्य, दोन, तीन,
तळाला एक फुली.
सवयीनं ओठ हलले. सहा, मी म्हणालो.
"काय सहा?"
बेरीज.
ती इतकी हसली की शेजारणीनं
निवडायचं सूप खाली ठेवून बाहेर डोकावलं.
"बेरीज नको, काका. सगळे एकदम.
फुलीला तेवढं गप्प ठेवा."

शून्याचं मला अजून पटत नाही.
आमच्यात शून्य म्हणजे आलाच नाही माल.
इथं शून्य म्हणजे हात लावू नका,
तार मोकळी सोडा,
आणि तीच सगळ्यात उशिरापर्यंत वाजत राहते.

उमेदवारीत मी रुमालाखालचे सौदे पाहिलेत.
खाली बोटं बोटांना दाबून भाव सांगायची,
वर दोघांचे चेहरे देवळात बसल्यासारखे.
बोटांना आकडे कळतात, हे तेव्हापासून माहीत आहे.
माझ्या बोटांना कधी कुणी विचारलं नव्हतं.
आता शेंड्यांवर तारांचे वळ आहेत,
नखाशी हळद आहेच, ती जायची नाही,
आणि बँकेतलं यंत्र म्हणतं, पुन्हा अंगठा लावा, पुन्हा लावा.
अंगठ्याला तर मी काही केलेलं नाही.

गाणं मीच नेलं होतं शिकायला.
गाणं कसलं, मल्लूची शीळ.
मल्लू गोणी शिवायचा. शिलाईचं मशीन आलं
तसा तो जतकडं बहिणीकडे गेला.
"न्हाई वो, आता दाभणाचं काय काम," एवढंच म्हणाला.
माझ्या फोनमध्ये त्याची शीळ राहिली, अर्धा मिनिटसुद्धा नसेल.
सुवार्तानं ती सतरा वेळा ऐकून
माझ्याच खतावणीच्या पानावर पेन्सिलीनं उतरवली.

आकडे सगळे बरोबर वाजवले.
शीळ काही आली नाही.
"कागद कुठं सांगतो," जांभई दाबत ती म्हणाली,
"किती थांबायचं ते?
तुम्ही होतात ना तिथं?"

होतो.
रात्री खणभागातल्या खोलीत, पंखा बंद करून,
मी मल्लूचा हात आठवत बसलो.
दाभण आत. सुतळी हातभर ओढायची,
ओढताना शीळ लांबायची,
गाठीशी दातात सुतळी, तेव्हा शीळ नाही.
मग पुढचा टाका.
दोन, दोन, शून्य… ओढ…
तीन. गाठ.
पानावर दोन आकड्यांत बोटभर अंतर होतं,
त्यात एक अख्खी गोणी मावली.

चौथ्या टाक्याला फोनमध्ये ट्रकचा हॉर्न वाजतो
आणि सगळं तिथंच तुटतं.
सुवार्तानं पुढं काही लिहिलं नाही.
सहा रेघा नुसत्याच कडेपर्यंत गेल्यात.
आमच्या वहीत अशा कोऱ्या जागी
आडवीतिडवी एक रेघ मारून टाकायची रीत आहे,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.

पेन्सिल उचलली होती मी.
ठेवली.